वन्संनी निवडलेलं मशीन

वन्सं, तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस कुंच्यांबद्दल बोलतं. गेल्या चाळीस वर्षांत बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतलं एकही बाळ तुमच्या कुंचीशिवाय पाळण्यात पडलेलं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. कोणी ट्रंकेतून जपून ठेवलेली कुंची काढून आणतं, कोणी फोनवर फोटो दाखवतं. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं ते इवलंसं टोपरं, काठाला साखळी टाका, पाठीवर राघू. मी मान हलवते, चहा टाकते. पण मशीनबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. जणू ते तुमचं म्हातारपणचं खूळ होतं, आणि गेलेल्या माणसाच्या खुळांविषयी बोलू नये. मला हे अजिबात पटलेलं नाही. म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले.

तुम्हाला आठवतं का, मी सांगलीहून लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतंत, “उषा, भरतकाम येतं?” मी मोठ्या तोऱ्यात माझा रुमाल दाखवला. तुम्ही तो सरळ बाजूने पाहिलासुद्धा नाहीत. उलटा केलात, मागच्या गाठी पाहिल्यात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, “ठीक आहे. पोळ्या छान करतेस.” तुम्ही मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवणाऱ्या इंदू दीदी, अख्ख्या मोहल्ल्याला धाक. मी काय बोलणार! ह्यांना सांगितलं तर हे हसले. म्हणाले, “ताईने मलाही कधी पास केलेलं नाही.” साठी उलटली तरी तुम्ही ह्यांना बाळ्याच म्हणायचात. बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा.

त्या रुमालाचा सूड मी तुमच्या मराठीवर घेतला. तुमचा जन्मच बनारसचा. तुम्ही म्हणायचात, “दोरा उलझला बघ.” मी म्हणायची, “गुंतला म्हणा वन्सं, गुंतला.” तुम्ही शांतपणे म्हणायचात, “तुझा गुंततो, माझा उलझतो. सोडवायला दोघींनाही तेवढाच वेळ लागतो.” सदतीस वर्षं हा खेळ चालला. आपण भांडलो नाही असा महिना गेला नसेल आणि अबोला धरला असा दिवस उगवला नाही. एक वर्ष सोडून.

ते वर्ष माझ्यामुळे आलं, हे मी आज लिहून टाकते.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. बायका जमल्या होत्या, आणि कुणाच्या तरी नातवासाठी भरायला घेतलेली कुंची तुम्ही मांडीवर घेऊन बसला होतात. सुईत दोरा ओवत होतात. एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सुईच खाली पडली. मी डाळीची वाटी घेऊन मागे उभी होते. मी ती सुई उचलली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “राहू द्या हो वन्सं. आता हात कापतात तुमचे. पुष्कळ केलंत.”

प्रेमाने म्हणाले होते, खरंच. पण वाक्य तोंडातून गेलं आणि खोलीतल्या बायका तुमच्या हातांकडे पाहू लागल्या. तुम्ही हसलात, कुंचीची घडी केलीत, रिंग, सुया, दोरे सगळं डब्यात भरलंत आणि डबा अलमारीत वरच्या फळीवर ठेवून दिलात. त्यानंतर कोणी विचारलं की तुम्ही सांगायचात, “डोळे साथ देत नाहीत.” ‘हात’ म्हणाला नाहीत कधी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने चहाचा कप धरता येऊ लागला, सुई नाही. संध्याकाळी घाटावर जाणं बंद झालं. माझ्या भाजीला नावं ठेवणंही बंद झालं. तेव्हा मी घाबरले.

कार्तिकात मुक्ताचा पुण्याहून फोन आला. आमची एकुलती एक लेक, तुमच्याच खोलीत वाढलेली. बाळ होणार होतं आणि ती बाळंतपणाला माहेरीच येणार होती. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, “आत्या, माझ्या बाळाची कुंची!” तुम्ही म्हणालात, “हल्ली बाजारात फार सुरेख मिळतात गं. बाळ्याला सांगते आणायला.” आणि उठून देवापाशी गेलात. पलीकडे मुक्ता बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिली.

दुसऱ्याच दिवशी मी लहुराबीरच्या बाजारात गेले आणि एका दुकानातून घरगुती भरतकामाच्या मशीनची माहितीपत्रकं घेऊन आले. कंप्यूटरसारखा छोटा पडदा असतो, डिझाइन निवडायचं, कापड फ्रेममध्ये ताणून लावायचं, की सुई आपली आपण भरत जाते. मी पत्रक तुमच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर टोपी घातलेल्या बदकाचं चित्र होतं.

“हे काय?”

“मशीन. यात दोनशे डिझाइनं तयार असतात वन्सं.”

“दोनशे बदकं असतील.” तुम्ही पत्रक दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलंत. “आणि सगळं तेच करणार तर मी काय करू? त्याच्या बाजूला बसून टाळ वाजवू?”

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. चैत्रानंतर पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी धड भांडला होतात.

दोन दिवसांनी सकाळी पाहते तर तुम्ही खिडकीपाशी भिंग आणि लाल पेन घेऊन बसलेल्या. पत्रक तपासत होतात, मुलींचे पेपर तपासावेत तसं. ‘स्वयंचलित’ या शब्दाखाली रेघ आणि समोर प्रश्नचिन्ह. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘म्हणजे काय?’ एका ठिकाणी, ‘खोटं.’ मी तुमचा चहा शेजारी ठेवला. तुम्हीच मान वर न करता म्हणालात, “मशीन बघायला हरकत नाही. घ्यायचं असं मी म्हटलेलं नाही.”

मग पौषातल्या त्या थंडीत आपण दोघी दुकानं हिंडलो. स्वेटर, शाल, तुमचे ते लोकरीचे मोजे आणि रिक्षा. पहिल्या दुकानात त्या गृहस्थांनी सगळ्यात मोठं मशीन दाखवलं आणि म्हणाले, “माताजी, बस बटन दबाइए और आराम से चाय पीजिए.” तुम्ही म्हणालात, “चाय तो भइया मैं बिना मशीन के भी पी लेती हूँ.” तिथल्या गिऱ्हाईक बायका खो खो हसल्या. मग तुम्ही पिशवीतून कागद काढलात आणि त्यांची तोंडी परीक्षा सुरू केलीत. माझं स्वतःचं चित्र यात भरता येईल का? फ्रेम केवढी? तळहाताएवढ्या फ्रेममध्ये माझा राघू मावायचा नाही, शेपूट बाहेर राहील. मध्येच बिजली गेली तर थांबलेल्या टाक्यापासून पुढे जातं की पहिल्यापासून सुरू होतं? बिघडलं तर दुरुस्त करणारा बनारसमध्येच आहे की दिल्लीहून येणार? ते गृहस्थ पहिल्या प्रश्नालाच अडखळले. “चित्र कशाला माताजी, दोनशे डिझाइनं आहेत ना,” असं म्हणाले. आपण बाहेर पडलो.

त्यानंतर तीन दिवस आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, बरं का. माझं म्हणणं होतं, शिवण आणि भरतकाम दोन्ही करणारं एकच मशीन घ्यावं, म्हणजे उद्या माझीही ब्लाउजं होतील. तुमचं म्हणणं, शिवायला आपलं पायाचं काळं मशीन आहे, ते कधी रुसलं नाही. “दोन्ही कामं करणारं मशीन म्हणजे बाळ्यासारखं. भाजीही आणतो, पेपरही वाचतो, आणि कोथिंबीर विसरतो.” हे आतून ओरडले, “मी ऐकतोय ताई!” तुम्ही म्हणालात, “ऐकण्यासाठीच बोलतेय.” मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. निदान ब्लाउजांच्या बाबतीत.

तिसरं दुकान एका वयस्क गृहस्थांचं होतं. त्यांनी तुमचे सगळे प्रश्न नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “दीदी, मेरे कहने से मत लीजिए. रामनगर में एक बहनजी घर में यही मशीन चलाती हैं. जाकर चलती हुई देख लीजिए.”

म्हणून आपण पूल ओलांडून रामनगरला गेलो. शबनम नाव तिचं. चाळिशीची असेल. जिन्याखालच्या जागेत एका टेबलावर तिचं मशीन होतं, त्यावर ती दुपट्ट्यांच्या किनारी आणि शाळांचे बिल्ले भरून द्यायची. तिने आधी मशीनचे सगळे दुर्गुण सांगितले. जरीचा धागा लावला की तुटतो. कापडाखाली कागद नीट लावला नाही तर सगळं आक्रसतं. आवाज होतो. मोठं डिझाइन असेल तर फ्रेम काढून सरकवून लावावी लागते आणि तिथे नवखी माणसं हमखास चुकतात. तुम्ही तिचं ऐकत होतात आणि तुमचा चेहरा उजळत चालला होता. पत्रकातली स्तुती वाचून जे झालं नाही ते दुर्गुण ऐकून झालं.

मग तुम्ही पिशवीतून तुमचा राघू काढलात. पेन्सिलीने काढलेला, जुन्या वहीतला, कडा पिवळ्या पडलेल्या. “इसको बना सकती है?”

शबनमने फोटो घेऊन तो लॅपटॉपवर लावला. तुम्हाला शेजारी खुर्ची दिली. आणि ती तुम्हाला एकेक विचारू लागली. पंख कुठून सुरू करायचा? दोरा आडवा जाऊ दे की तिरका? पोट दाट भरू की विरळ? चोच आधी की डोळा आधी? तुम्ही दर प्रश्नाला क्षणभर थांबून, हवेत बोट फिरवून उत्तर देत होतात. पंख तिरके, मानेकडून शेपटीकडे. पोट विरळ, नाहीतर बाळाला टोचेल. डोळा सगळ्यात शेवटी. तासाभराने तुम्ही एकदम माझ्याकडे वळलात. “उषा, हे तर सगळं मलाच सांगायचंय! त्याला काहीच येत नाही!”

इतका आनंद तुम्हाला माझ्या कुठल्या अज्ञानानेही झाला नव्हता.

शबनमने सांगितलं की तिचे वडील साड्यांचे नक्शे काढायचे. विणकरांसाठी चौकटीच्या कागदावर साडीवरची बूटी आखून द्यायची, एवढंच त्यांचं काम; हातमागावर विणायचे दुसरेच. “अब्बा करघे पर कभी बैठे ही नहीं. पर साड़ी देखकर लोग बता देते थे कि बूटी किसकी है.”  परत येताना रिक्षात तुम्ही दोनदा विचारलंत, “काय म्हणाली गं ती? करघ्यावर बसलेच नाहीत?”

त्या दिवशी शबनमच्या मशीनवर पहिला राघू बिघडला. पडद्यावरचं बटण तुमच्या बोटाने दोनदा दाबलं गेलं, कापड आक्रसलं आणि चोच वाकडी होऊन गालाला चिकटली. दाढ दुखतेय असा दिसत होता तो. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि हसत सुटलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तुमच्याकडे पाहून, शबनम आपल्या दोघींकडे पाहून. मग तिने तुमच्या हातात रबरी टोकाची एक कांडी दिली, बोटाऐवजी त्या कांडीने पडदा दाबायचा. दुसरा राघू सरळ आला. दुपार कलली तेव्हा तिने गरम गरम चूड़ा-मटर, म्हणजे आपले मटार घातलेले पोहेच, पुढे ठेवला. बाहेरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या तुम्ही, मागून दुसऱ्यांदा घेतलात. मी घरी कोणापाशी बोलले नाही. आज लिहिलं, तर आता चालेल ना?

तेच मशीन आपण घेतलं. फक्त भरतकामाचं, वहीएवढी फ्रेम असलेलं, दुरुस्तीवाला बनारसमध्येच, लंका चौकात. ह्यांचा लॅपटॉप तुम्ही जप्त केलात. हे दोन दिवस कुरकुरले आणि मग स्वतःच तुम्हाला फाइल पेनड्राइव्हवर कशी घ्यायची ते शिकवायला बसले. तुम्ही त्यांनाच रागवत होतात, “बाळ्या, हळू सांग. मी मुलींना कधी असं शिकवलं नाही.”

पण माउस तुमच्या हातात थरथरायचा. टाक्याची वाट दाखवणारा ठिपका चित्राच्या रेघेवर ठेवायला जावं तर तो भलतीकडेच पडायचा. पहिल्या दिवशी तुम्ही माउस बाजूला ठेवून खिडकीबाहेर पाहत बसलात. परत अलमारीचं दार उघडतं की काय असं वाटलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. माउस मी धरला. म्हटलं, “सांगा.”

“मला नको कोणाची मदत.”

“मदत नाही. मला शिकायचंय. रुमाल नापास केला होतात माझा.”

तुम्ही खिडकीकडून पडद्याकडे वळलात. मग तुम्ही म्हणालात, “वर घे. अजून वर. आता डावीकडे. डावीकडे म्हणजे इकडे गं, तुझ्या सांगलीकडे नाही.”

वन्सं, एका स्वयंपाकघरात सदतीस वर्षं काढली आपण, पण एका कामावर दोघींची डोकी अशी जवळ कधी आली नव्हती. तुमच्या केसांना ब्राह्मी तेलाचा वास येतो हे मला तेव्हा कळलं. तुमची नजर आणि माझा हात. तुम्हाला दिसायचं ते मला दिसेपर्यंत तुम्ही सोडत नव्हतात. पान वळतं तिथे दोरा वळला पाहिजे, फांदी जाडीकडून बारकीकडे गेली पाहिजे. मी नुसतीच पोळ्या लाटत बसले होते इतकी वर्षं, असं वाटायचं.

त्यातल्याच एका दुपारी मी धीर केला. म्हटलं, “वन्सं, त्या हळदीकुंकवाला मी जे बोलले…”

तुम्ही पडद्याकडे बोट केलंत. “ठिपका सरकला बघ. लक्ष दे.”

मी लक्ष दिलं. पुढे तो विषय आपण दोघींनीही काढला नाही. तुम्ही माफ केलंत, की तुम्हाला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं, की अजून लागत होतं म्हणून बोलू दिलं नाहीत? मी अनेकदा विचार केला. आज तुमच्यापुढे पुरं वाक्य बोलते: चुकलं माझं. तुम्ही थांबला नव्हतात, मी तुम्हाला थांबवलं होतं.

मुक्ताच्या लेकीची कुंची चौथ्या खेपेला जमली; आधीच्या तिन्ही वेळा मागून तुमचं “चुकलं, उसव” होतंच. पाच राघू भरायचे होते, फ्रेम तीनदा सरकवायची होती. शेवटच्या राघूला डोळा येईपर्यंत आपण दोघी मशीनपुढे श्वास रोखून उभ्या होतो आणि हे दारात. मग मी ती काळ्या मशीनवर शिवली. बारशाला तुम्ही स्वतः बाळाच्या डोक्यावर कुंची घातलीत. नाडी बांधताना हात कापत होते, आणि तुम्ही ते कोणापासून लपवले नाहीत. बायका म्हणाल्या, “इंदूताई, पुन्हा हात बसला तुमचा!” तुम्ही म्हणालात, “छे, मशीनवर केलंय.” त्या म्हणाल्या, काहीतरीच काय. तुम्ही म्हणालात, “या, दाखवते.” आणि बारशाचं जेवण राहिलं बाजूला, आठ बायका तुमच्या खोलीत! मी पंगतीत वाढायला एकटी. तेव्हा मी किती चिडले होते, आणि आता तो गोंधळ आठवला की माझं मन भरून येतं.

त्यानंतरच्या सव्वा वर्षात आपण अकरा कुंच्या केल्या. तुम्ही पुन्हा घाटावर जाऊ लागलात, पुन्हा माझ्या भाजीत मीठ जास्त होऊ लागलं. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा तुम्ही मला म्हणालात, “उद्या तो मोराचा पिसारा घेऊ. आज तुझं लक्ष नाही.” सकाळी चहा घेतलात, कप खाली ठेवलात आणि खुर्चीतच मान टेकलीत. मणिकर्णिकेहून हे परत आले तेव्हा ओल्या धोतरानेच तुमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “उषा, मला आता बाळ्या म्हणणारं कोणी उरलं नाही.”  मी म्हटलं, “कोथिंबीर आणायला विसरलात की मी म्हणेन.” रडता रडता हसले हो. तुमच्या घरात दुसरं काय होणार!

चौदाव्या दिवशी समोरच्या गलीतली रेवती आली. सातवा महिना चालू आहे तिला. दारात घुटमळत म्हणाली, “काकू, आत्या तर गेल्या. आता विचारू की नको कळत नाही.” ती पुढे बोलायच्या आत मी होकार दिला. ती गेल्यावर मात्र धाबं दणाणलं. तुमच्या वहीत राघू होते, मोर होते, कोयऱ्या होत्या. पण त्यातलं घ्यायला हात धजेना. ते सांगणारं शेजारी कोणी नव्हतं.

मग मी कोरा कागद घेतला आणि वन्सं, मी हळदीची पानं काढली. सांगलीला आमच्याकडे परसात हळद असायची. आई पानं तोडून आणायला मलाच पाठवायची. कमरेएवढ्या त्या रोपांत मी हरवून जायची. तुम्ही हळदीचं शेत पाहिलं नव्हतंत. त्या पानाची मधली शीर कशी जाते, बाजूच्या शिरा तिच्यापासून कशा निघून कडेला वर वळतात, हे या घरात फक्त मला माहीत. चार दिवस लागले. ठिपके मीच ठेवले, दोऱ्याची दिशा मीच ठरवली. शिरांना फिकट हिरवा, पानाला गडद. जुन्या कापडावर भरून पाहताना दोनदा दोरा तुटला, एकदा कागद लावायलाच विसरले.

काल सकाळी कुंचीचं कापड लावून मशीन सुरू केलं आणि शेजारी उभी राहिले. एक पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला शिरा वळतात तिथे सुई वळली तेव्हा मी नकळत थांबले. उजवीकडे जरा सरकूनसुद्धा उभी राहिले, तुम्हाला दिसावं म्हणून. आता मागून कोणीतरी “चुकलं, उसव” म्हणेल, याची वाट पाहत राहिले.

कोणी काही म्हणालं नाही. टाका बरोबर होता, वन्सं.